मीटर कोणाच्या नावावर?

पाण्याच्या मीटरचा विषय निघाला की दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. महापालिकेच्या विभाग कार्यालयातील साहेब म्हणतात, "भाडेकरूला मीटर मिळत नाही. मालकाची ना हरकत आणा." आणि आमच्याच चळवळीतील काही जुनी मंडळी म्हणतात, "मीटर ही खाजगीकरणाची पहिली पायरी आहे. मीटर नकोच." साहेबांच्या उत्तराने गरीब भाडेकरूचा नळ बंद राहतो. आमच्या मंडळींच्या उत्तराने साहेबांचे काम सोपे होते. आम्ही या दोन्ही उत्तरांच्या विरोधात आहोत, आणि ते का, हे या लेखात स्पष्टपणे मांडणार आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : जो राहतो त्याच्या नावावर मीटर हवे. मग तो मालक असो, भाडेकरू असो, चाळीत असो, संक्रमण शिबिरात असो वा रुळाकडेच्या वस्तीत असो. मीटर सार्वजनिक संस्थेचे हवे, बिल वापरानंतरचे हवे आणि जगण्यापुरत्या पाण्याचा दर गरिबाला झेपेल असा हवा.

हा आपला प्रश्न कसा?

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या पत्रिकेत पाण्याच्या मीटरला जागा कशाला, असे काही बांधव विचारतील. त्यांनी जरा आपल्याच खात्याकडे पाहावे. क्वार्टर किती जणांना मिळते? सेवानिवृत्त झाल्यावर ठरलेल्या मुदतीत ते सोडावे लागते. चौथ्या श्रेणीतील किती गँगमन, खलाशी, पॅकर, पोस्टमन निवृत्तीनंतर मुंबईत स्वतःचे घर घेऊ शकले? बहुतेक गावी गेले, नाहीतर नालासोपारा, दिवा, कळवा, मुंब्र्याच्या चाळीत भाड्याने गेले. आज स्टेशनची सफाई, गाड्यांची धुलाई, पार्सलची चढउतार ज्यांच्या अंगावर आहे ते कंत्राटी कामगार तर क्वार्टरच्या यादीतही नाहीत. ग्रामीण डाक सेवकाला खाते आजही नियमित कर्मचारी मानत नाही. त्याचा मुलगा शहरात नोकरीला आला तर तोही भाड्याच्या खोलीतच उतरतो.

शिवाय आपण क्वार्टरमध्ये राहतो तेव्हा आपल्या पगारपत्रकात काय लिहिलेले असते? 'लायसन्स फी'. भाडे नव्हे! म्हणजे कायद्याच्या भाषेत आपणही भाडेकरू नाही, केवळ परवान्यावर राहणारे आहोत. या एका शब्दाची किंमत पुढे कळेल.

मीटर नसले की काय होते?

मुंबईचेच उदाहरण घेऊ. झोपडपट्टीत एकेका घराला सुटी जोडणी सहसा मिळत नाही. पाच घरांचा गट करावा लागतो. त्यातील एक जण सचिव होतो आणि बिल त्याच्याकडे येते. अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत करावा लागतो. मुख्य जलवाहिनीपासून वस्तीपर्यंतचा बारीक नळ अर्जदारांनी स्वतःच्या खर्चाने टाकायचा. हे नळ गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच जातात. जोड गळका झाला आणि पाण्याचा दाब उतरला की गटाराचे पाणी नळात शिरते, आणि पावसाळ्यात कावीळ, हगवण वस्तीभर फिरते. एका घराने बिल थकवले तर पाचही घरांचे पाणी तोडले जाते.

या गटात खोलीचा मालक असतो. भाडेकरू नसतो. कारण फोटोपास मालकाचा, जुनी कागदपत्रे मालकाची. भाडेकरूकडे फार तर अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार, बहुधा तोही नाही. नुसता तोंडी व्यवहार आणि दिलेले डिपॉझिट. म्हणून तो मालकाने ठरवलेली रक्कम दरमहा देतो, मालक देईल तितका वेळ पाणी भरतो, आणि भाडेवाढीला नाही म्हटले की पहिल्यांदा नळाचा कॉक बंद होतो. घर रिकामे करून घेण्याचे हे सर्वांत स्वस्त हत्यार आहे. त्याला कोर्टाचा हुकूम लागत नाही की पोलीस लागत नाहीत. बाईमाणूस दोन दिवस हंडा घेऊन दारोदार फिरली की तिसऱ्या दिवशी कुटुंब आपणहून सामान बांधते.

झोपडपट्टी जाऊन पुनर्वसनाची इमारत उभी राहिली म्हणजे हा त्रास संपतो असेही नाही. सहसा संपूर्ण इमारतीला एकच मीटर असते. बिल सोसायटीकडे येते. पाणी आधी खालच्या टाकीत, मग पंपाने गच्चीवरच्या टाकीत. सामायिक वीजबिल थकले की पंप बंद पडतो, आणि खालची टाकी भरलेली असूनही सातव्या मजल्यावरच्या घरात थेंब येत नाही. भाडेकरू 'मेंटेनन्स' म्हणून दरमहा पैसे मोजतो. त्यात पाण्याचे किती, हे त्याला कोणी सांगत नाही. त्याने बिल कधी डोळ्यांनी पाहिलेलेच नसते.

गरिबाचे पाणी महाग कसे?

आता हिशेब करू. माणशी दररोज ४५ लिटर हा पालिकेने झोपडपट्टीसाठी धरलेला मापदंड. इमारतींसाठी तो याच्या तिपटीच्या आसपास. हा भेदभाव कोणत्या शास्त्रात बसतो, ते साहेबच जाणोत! तरी ४५ लिटरच धरू. पाच माणसांच्या घराला दिवसाला २२५ लिटर, महिन्याला ६,७५० लिटर. मुंबई पालिकेचा झोपडपट्टी आणि चाळींसाठीचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे. म्हणजे या कुटुंबाचे महिन्याचे पाणी सत्तर रुपयांच्या आत बसले पाहिजे.

ज्याच्याकडे मीटर नाही तो काय देतो? तो कॅन घेतो, ड्रम भरून घेतो, टँकरसमोर रांग लावतो. २० लिटरचा कॅन अवघ्या पाच रुपयांना मिळाला असे धरले, तरी हजार लिटरचे अडीचशे रुपये होतात. तेच ६,७५० लिटर या भावाने घेतले तर महिन्याला जवळजवळ १,७०० रुपये. पालिकेच्या दराच्या पंचवीसपट! आणि पाच रुपयांना कॅन कोठे मिळतो, हे वाचकांनीच सांगावे. एवढे पैसे परवडत नाहीत म्हणून ही कुटुंबे पाणीच कमी वापरतात. अंघोळ एक दिवसाआड, धुणे आठवड्यातून एकदा. पाणी भरण्यासाठी बाईचा खाडा होतो आणि पोरीची शाळा बुडते. हा खर्च तर कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

"झोपडपट्टीवाले फुकट पाणी वापरतात" असे जे म्हणतात त्यांनी हा हिशेब खोडून दाखवावा. फुकट वापरणारे कोण आहेत ते टँकरमालकांच्या धंद्यात शोधावे. गरीब माणूस पालिकेला पैसे द्यायला तयार आहे. पालिका त्याच्याकडून पैसे घ्यायला तयार नाही, कारण पैसे घेतले की पावती द्यावी लागते, आणि पावती दिली की तो माणूस तेथे राहतो हे मान्य करावे लागते. मीटर नाकारण्याचे खरे कारण हे आहे.

कायदा काय सांगतो?

१९९६ साली राज्य सरकारने परिपत्रक काढले की १ जानेवारी १९९५ नंतरच्या अनधिकृत झोपड्यांना पाणी देऊ नये. पुढे ही तारीख १ जानेवारी २००० अशी सरकली. पाणी हे जणू निवडणुकीच्या मोसमात वाटायचे बक्षीस! या परिपत्रकाविरुद्ध पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि झोपडी बेकायदा आहे एवढ्या कारणावरून माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. न्यायालयाने जादा दर लावण्याची मुभा पालिकेला दिली, अधिकृत रहिवाशांच्या बरोबरीचा हक्कही मान्य केला नाही. पण पाणी द्यावेच लागेल हे ठरले.

त्यानंतर काय झाले? धोरण ठरवायला पालिकेला दोन वर्षे लागली आणि त्यातूनही अनेक वस्त्या वगळल्या गेल्या. 'सर्वांसाठी पाणी' हे धोरण यायला मे २०२२ उजाडले. म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमाला विभाग कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचायला साडेसात वर्षे लागली. आणि त्या धोरणातही मीटर मिळवायचे तर गट, सचिव, प्लंबर, कागदपत्रे ही जुनी वाट बदललेली नाही. भाडेकरू तेथेच उभा आहे.

आता दुसरा कायदा पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २९. घरमालकाने भाडेकरूचे पाणी, वीज यांसारख्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडू नयेत, असे हे कलम सांगते. याच कलमात एक पोटकलम आहे, जे बहुतेक भाडेकरूंनी कधी ऐकलेलेही नसते. मालकाने पाणी तोडले असेल, किंवा भाडेकरूला स्वतःच्या खर्चाने नवी जोडणी हवी असेल, तर तो थेट पालिकेकडे अर्ज करू शकतो आणि पालिका मालकाच्या ना हरकत दाखल्याचा आग्रह न धरता ती जोडणी देऊ शकते. नीट वाचा : ना हरकत दाखल्याचा आग्रह न धरता! मग खिडकीवरचा साहेब "मालकाची ना हरकत आणा" असे कशाच्या आधारावर म्हणतो?

पण या कायद्याला दोन मोठी भोके आहेत. एक, 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच ठरत नाही. आज शहरात नव्याने दिल्या जाणाऱ्या बहुतेक खोल्या याच करारावर दिल्या जातात, ते उगाच नव्हे. दोन, सरकारच्या वा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. म्हणजे खाजगी मालकाच्या चाळीतील जुन्या भाडेकरूला कागदावर का होईना संरक्षण आहे, आणि सरकारच्या घरात राहणाऱ्या गरिबाला तेवढेही नाही! कल्याणकारी राज्य म्हणवणाऱ्यांनी स्वतःला मात्र आपल्याच कायद्यातून सूट देऊन ठेवली आहे.

"मीटर म्हणजे खाजगीकरण" म्हणणाऱ्यांना

आता आमच्या घरातल्या वादाकडे वळू. मीटरला विरोध करणाऱ्या साथींची भीती निराधार नाही, हे आम्ही आधीच मान्य करतो. २००६ साली जागतिक बँकेशी संलग्न निधीच्या पैशातून मुंबईच्या के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी-जोगेश्वरी पूर्वेला, पाणीवाटपाच्या 'सुधारणे'चा अभ्यास सुरू झाला. परदेशी सल्लागार आले, आणि २००७ साली नागरिकांनी व कामगार संघटनांनी जाहीर सभेतच त्यांना जाब विचारला. २०१२ पासून संपूर्ण नागपूर शहराच्या पाणीवाटपाचे काम २५ वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे देण्यात आले. हे सारे आमच्या डोळ्यांसमोर घडले आहे.

दक्षिण आफ्रिकेतील फिरीचे उदाहरणही आम्हाला माहीत आहे. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोतील ही काळ्या कामगारांची वस्ती. वर्णभेदी राजवट गेली आणि तिच्या जागी प्रीपेड मीटर आले. आवारामागे महिन्याला ६,००० लिटर फुकट. ते संपले की आगाऊ पैसे भरा, नाहीतर नळ आपोआप बंद. कागदावर योजना उदार दिसते. पण सोवेटोत एका आवारात मालकाचे घर आणि मागच्या बाजूला भाडेकरूंच्या खोल्या असतात. न्यायालयात गेलेल्या पाच रहिवाशांपैकी एकीच्या आवारात २० माणसे राहत होती. ६,००० लिटर भागिले २० माणसे, भागिले ३० दिवस : माणशी दहा लिटर! २००८ साली तेथील उच्च न्यायालयाने प्रीपेड मीटर बेकायदा ठरवले आणि माणशी ५० लिटर मोफत द्या असा हुकूम केला. ऑक्टोबर २००९ मध्ये घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला.

पण साथींनो, फिरीच्या लोकांनी न्यायालयात मागितले काय होते, ते पाहा. त्यांनी "मीटर काढून टाका" असे म्हटले नव्हते. त्यांनी साधे, वापरानंतर बिल येणारे मीटर मागितले होते, जे शहरातील श्रीमंत वस्त्यांना आधीपासून होते. फरक यंत्रात नाही, अटींत आहे. साधे मीटर फक्त मोजते. बिल थकले तर नोटीस येते, मुदत मिळते, हप्ते पाडून मागता येतात, तक्रार करता येते, मोर्चा काढता येतो. प्रीपेड मीटर एकाच वेळी मोजणारा, वसुली करणारा आणि पाणी तोडणारा असतो. त्याच्याकडे ना नोटीस आहे, ना सुनावणी. म्हणून आम्ही प्रीपेड मीटरच्या विरोधात आहोत आणि साध्या मीटरच्या बाजूने आहोत. विजेच्या प्रश्नावर महाराष्ट्रातील जनतेने आणि वीज कामगारांनी हाच भेद केला, म्हणून जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. तेव्हा कोणी "विजेचे मीटरच नको" अशी घोषणा दिली नव्हती.

ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांच्या बाबतीत खाजगीकरण केव्हाच होऊन गेले आहे! कॅनवाला, टँकरवाला, मोटर लावून पाणी ओढून विकणारा दादा, नळाचा कॉक हातात ठेवणारा खोलीमालक, ही सारी पाण्याची खाजगी कंपनीच आहे. तिला परवाना नाही, दरपत्रक नाही, तक्रारवही नाही. "मीटर नको" म्हणून आपण या कंपनीचे संरक्षण करतो.

भांडवलशाहीच्या माहेरघरी

थॅचरबाईंनी १९८९ साली इंग्लंड आणि वेल्समधील पाणी कंपन्यांना विकले. हजारो घरांचे पाणी तोडले गेले. लोक लढले. १९९८ साली तेथील उच्च न्यायालयाने, पैसे संपले की आपोआप पाणी तोडणारी प्रीपेड यंत्रे बेकायदा ठरवली. १९९९ च्या कायद्याने बिल थकले म्हणून राहत्या घराचे पाणी तोडण्यावर बंदी घातली. त्याच कायद्यामुळे घरगुती ग्राहकाला मागेल तेव्हा मोफत मीटर मिळू लागले, आणि सहा महिने वा त्याहून अधिक मुदतीचा करार असलेल्या भाडेकरूला त्यासाठी घरमालकाच्या परवानगीची गरज राहिली नाही.

तेथेही सरकारी घरांतील भाडेकरूंची लूट झालीच. लंडनच्या सदर्क कौन्सिलने पाणी कंपनीशी करार केला होता. कंपनी कौन्सिलला सूट देत होती, आणि कौन्सिल भाडेकरूंकडून पूर्ण रक्कम घेत होते. घरात मीटर नसल्यामुळे आपण किती पाण्याचे किती देतो हे भाडेकरूला कळायला मार्ग नव्हता. एक भाडेकरू उभी राहिली. २०१६ साली न्यायालयाने ठरवले की कौन्सिल पाण्याची फेरविक्री करत होते आणि भाडेकरूंकडून जादा पैसे घेतले गेले. हजारो भाडेकरूंचे पैसे परत करावे लागले. बिल कोणाच्या नावावर येते, याला किती महत्त्व आहे ते यावरून दिसते.

इंग्लंडच्या खाजगी कंपन्यांची आरती आम्ही ओवाळत नाही. कर्जाच्या डोंगराखाली त्यांची काय दशा झाली ते जगाने पाहिले. पॅरिस शहराने तर २०१० साली आपले पाणी खाजगी कंपन्यांकडून काढून पुन्हा सार्वजनिक ताब्यात घेतले. पॅरिसनेही मीटर काढून टाकले नाहीत. मालक बदलला.

आपल्याच देशातील दिल्ली पाहा. २०१५ साली तेथे दरमहा २०,००० लिटरपर्यंत पाणी मोफत झाले, पण चालू मीटर असलेल्या जोडणीलाच. म्हणजे सवलत मीटरमागे गेली. ज्या भाडेकरूच्या नावावर मीटर नाही त्याने सवलत कोणाकडे मागायची? घरमालकाला शून्य बिल, आणि भाडेकरूकडून पाण्याचे पैसे वसूल करण्याची मालकाला मोकळीक! सरकारने कितीही सवलती जाहीर करू द्या, मीटर नसलेल्या माणसापर्यंत त्या पोहोचत नाहीत.

आपल्या रुळांच्या कडेला

सर्वांत कडू गोष्ट आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. मुंबईतील अनेक वस्त्या रेल्वेच्या जमिनीवर आहेत. केंद्र सरकारच्या जमिनीवर जलवाहिनी टाकायची तर जमीनमालक खात्याची परवानगी लागते. पालिका म्हणते, रेल्वेची ना हरकत आणा. रेल्वे म्हणते, अतिक्रमणाला ना हरकत कशी देणार? आणि या दोन खात्यांच्या मध्ये बायका हंडे घेऊन रूळ ओलांडतात. रूळ ओलांडताना काय होते, हे आम्ही गँगमन आणि मोटरमन बांधवांना सांगायला नको.

१२ एप्रिल २०१६ ची आठवण करून देतो. त्या दिवशी मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. रेल्वे कामगारांनी रात्रंदिवस राबून त्या धाववल्या आणि साऱ्या देशाने त्यांना शाबासकी दिली. तेव्हा कोणी लातूरकरांना विचारले नाही की तुमचे घर अधिकृत आहे का, १९९५ पूर्वीचे आहे का, मालक आहात की भाडेकरू. तहान लागली होती, पाणी नेले. जी रेल्वे साडेतीनशे किलोमीटर पाणी नेते, तिला आपल्या रुळापासून तीस फुटांवरच्या नळाला परवानगी देता येत नाही?

आणि टपाल बांधवांनो, तुमची साक्ष तर सर्वांत मोलाची आहे. सरकार म्हणते, हा माणूस येथे राहतो याचा पुरावा काय? अहो, त्याचे आधार कार्ड त्याच गल्लीत, त्याच खोलीवर, पोस्टमननेच नेऊन दिले! मनीऑर्डर तेथे पोहोचली, कोर्टाचे समन्स तेथे पोहोचले. सरकारचा कागद ज्या दारापर्यंत जातो त्या दाराला सरकारचे पाणी का जात नाही? पत्ता समन्सपुरता खरा आणि नळापुरता खोटा, हे आम्ही मान्य करत नाही.

ठराव आणि पाणी

महाराष्ट्राला हा लढा नवा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांनी मंजूर करून घेतला. हे बोले गिरणी कामगारांच्या कामगार हितवर्धक सभेचे पुढारी होते, हे कामगार चळवळीने विसरू नये. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ साली ठराव केला. तरी तळ्याचे पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल तर १९३७ साली लागला. अर्थ स्पष्ट आहे. विधिमंडळाचा ठराव, पालिकेचा ठराव, न्यायालयाचा निकाल, सारे आवश्यक आहे. पण माणसे चालत गेल्याशिवाय पाणी हाती येत नाही. २०१४ चा निकाल आणि २०२२ चे धोरण आज त्याच टप्प्यावर अडले आहे.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. पाण्याची जोडणी आणि मीटर प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर मिळावे. भाडेकरू, पोटभाडेकरू आणि लीव्ह अँड लायसन्सवर राहणारे यांच्यात भेद नसावा. मालकाच्या ना हरकत दाखल्याची अट रद्द करावी.

२. भाडे नियंत्रण कायद्यातील पाण्याविषयीचे संरक्षण सरकारी, पालिकेच्या आणि सार्वजनिक संस्थांच्या घरांतील रहिवाशांनाही लागू करावे.

३. पुनर्वसन इमारती, संक्रमण शिबिरे आणि कामगारांसाठी बांधल्या जाणाऱ्या भाड्याच्या घरांत प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर असावे. तोपर्यंत सोसायटीचे पाणीबिल दरमहा सूचना फलकावर लावणे सक्तीचे करावे.

४. पाण्याचे प्रीपेड मीटर कोणत्याही नावाने आणू नये. बिल थकले म्हणून राहत्या घराचे पाणी तोडण्यावर कायद्याने बंदी घालावी.

५. झोपडपट्टीला ४५ लिटर हा अपमानास्पद मापदंड रद्द करून सर्वांना एकच मापदंड लावावा.

६. रेल्वेसह केंद्र सरकारच्या सर्व खात्यांनी आपल्या जमिनीवरील वस्त्यांत जलवाहिनी टाकण्यास ठराविक मुदतीत परवानगी द्यावी. या परवानगीमुळे जमिनीच्या मालकीला बाध येत नाही, हे त्यात लिहून घ्यावे, म्हणजे साहेबांना सबब उरणार नाही.

७. मीटर वाचन, देखभाल आणि वसुली पालिकेच्या कायम कामगारांकडेच राहावी, कंत्राटदाराकडे जाऊ नये.

आपल्या शाखांनी काय करावे? सहावी मागणी प्रत्येक विभागाच्या पीएनएमच्या विषयपत्रिकेवर मांडावी. "हा कर्मचाऱ्यांचा प्रश्न नाही" असे प्रशासन म्हणेल. त्या वस्त्यांत राहणाऱ्या सफाई कामगारांची आणि माजी कर्मचाऱ्यांची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. टपाल शाखांनी आपापल्या बीटमधील पाण्यावाचून असलेल्या वस्त्यांची नोंद करून ती स्थानिक पाणी हक्क कार्यकर्त्यांच्या हाती द्यावी. आणि ज्या सभासदाने स्वतःची खोली भाड्याने दिली असेल, त्याने आपल्या भाडेकरूला पाण्याची पावती दाखवावी, त्याच्या मीटरच्या अर्जाला आडकाठी करू नये. युनियनचा बिल्ला छातीवर आणि नळाचा कॉक मुठीत, असे दुहेरी वागणे चालणार नाही.

भाडेकरूंनी अर्ज एकेकट्याने करू नयेत. गल्लीतील सर्वांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर, पोच घेऊन द्यावेत. नकार तोंडी मिळाला तर तो लेखी मागावा. साहेब लेखी नकार द्यायला कचरतो, कारण १५ डिसेंबर २०१४ चा निकाल त्यालाही माहीत आहे. लेखी नकार मिळालाच, तर तो कागद घेऊन पुढची लढाई लढता येते.

कामगार एकजुटीचा विजय असो!